आंतरराष्ट्रीय संबंध आणि युद्ध: ऑनलाइन एमए करायचंय तर

ब्रिटिश विद्यापीठाची एमए म्हणजे १८० क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचं काम, म्हणजे एकूण १,८०० तास. जाहिरातीत 'नोकरी सांभाळून करा' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण हे १,८०० तास कुठून काढायचे ते जाहिरात सांगत नाही. रात्री नऊच्या चर्चा आवडीने बघणारे बरेच जण या पदवीकडे वळतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतात. इथे व्याख्यानं ऐकण्यात थोडा वेळ जातो. बाकी सगळा वेळ वाचण्यात आणि लिहिण्यात जातो, तोही इंग्रजीत.

आधी घड्याळ

दोन वर्षांत पदवी संपवायची तर आठवड्याला साधारण १७ तास पडतात, तीन वर्षांत साडेअकरा. हा सरासरीचा आकडा फसवा आहे, कारण काम वर्षभर सारखं नसतं. ३० क्रेडिटचं मॉड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमातला एक विषय, १२ आठवड्यांत उरकायचं असेल तर आठवड्याला २५ तास होतात. १५ क्रेडिटचं मॉड्यूल दहा आठवड्यांत असेल तर १५. शेवटी ६० क्रेडिटचं डिसर्टेशन (प्रबंध), म्हणजे एकट्याने करायचं ६०० तासांचं काम. म्हणून माहितीपत्रक उघडल्यावर पहिला प्रश्न हा: मॉड्यूल किती क्रेडिटचं, किती आठवड्यांचं, आणि एका वेळी एकच घ्यावं लागतं की दोन?

वाचनाचा वेगही धरा. संशोधन नियतकालिकातला एक लेख आठ-दहा हजार शब्दांचा असतो. सवय नसलेल्याला टिपणांसह त्याला दोन ते तीन तास लागतात. आठवड्याच्या यादीत असे तीन ते पाच लेख सक्तीचे, शिवाय 'अधिक वाचन' वेगळं. कल्याण-सीएसएमटी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर जाता-येता एक लेख होतो. निबंध मात्र लोकलमध्ये लिहून होत नाही, त्याला शनिवार-रविवारची सकाळ लागते आणि घरातल्यांना ते आधीच सांगून ठेवावं लागतं.

फी भरण्याआधी महिनाभर तालीम करा. आठवड्याला दोन लेख घ्या आणि प्रत्येकावर ३०० शब्द लिहा: लेखकाचा दावा काय, पुरावा कोणता, तो कुठे लंगडा पडतो. चार आठवड्यांत आठ टिपणं झाली तर पुढे जा. तीनच झाली तर प्रवेश सहा महिने पुढे ढकला. फी भरल्यावर शिस्त आपोआप येते, या समजुतीवर फार पैसे वाया गेले आहेत.

पदवीचं नाव आणि आतला माल

पहिल्या महायुद्धाच्या राखेतून हा विषय विद्यापीठात आला. १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ इथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन सुरू झालं. युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून ते का होतं हे शिकायचं, अशी त्यामागची भूमिका होती. लंडनच्या किंग्ज कॉलेजातला युद्धअभ्यास विभाग पुढचा. इतिहासकार मायकेल हॉवर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो उभा केला. युद्ध हा फक्त सेनापतींचा विषय नाही, समाज, कायदा, तंत्रज्ञान, मानसशास्त्र सगळं त्यात येतं, ही त्या विभागाची बैठक.

आज बाजारात चार नावं सापडतात. आंतरराष्ट्रीय संबंध या नावाखाली राज्यं, संस्था, व्यापार, सिद्धांत येतात. युद्धअभ्यासात युद्धाचा इतिहास, त्याची कारणं, नैतिकता आणि परिणाम. सामरिक अभ्यासाचा प्रश्न एकच: राजकीय हेतू साधायला बळ कसं वापरायचं. सुरक्षा अभ्यास त्याच्याही मागे जातो आणि विचारतो की 'धोका' कशाला म्हणायचं आणि ते ठरवतं कोण. नावावर जाऊ नका, मॉड्यूलांची यादी काढून बघा. 'युद्ध' शीर्षकात असूनही आत एकच मॉड्यूल युद्धावर आणि बाकी सगळं जागतिक प्रशासनावर, असंही असतं. ऐच्छिक मॉड्यूल दरवर्षी चालतीलच असं नाही. ज्या एका मॉड्यूलसाठी तुम्ही प्रवेश घेताय ते तुमच्या सत्रात आहे का, हे ईमेलने विचारून ठेवा.

दोन गोष्टी यात नसतात. एक म्हणजे रणनीतीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पलटण कशी हलवायची हे कोणी शिकवत नाही. दुसरी म्हणजे यूपीएससीची तयारी. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषय आहे, पण तिथला तीन तासांचा पेपर आणि इथला महिनाभर घासलेला निबंध यांची लेखनपद्धत अगदी वेगळी. दोन्ही एकत्र करायला जाणाऱ्यांचं दोन्हीकडे नुकसान होतं.

मान्यता: इथे घाई करू नका

भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी घेत असाल तर ते विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या वर्षासाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत आहे का, ते बघा. विद्यापीठ मान्य आणि अभ्यासक्रम यादीत नाही, असंही घडतं. यादीतल्या संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाईल, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो आणि तो एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडीवरून तयार होतो. हे दोन्ही तुम्ही स्वतः सरकारी पोर्टलवर काढायचे, एजंटला त्यासाठी पैसे देऊ नका.

इग्नूची राज्यशास्त्रातली एमए हा स्वस्त आणि सरळ पर्याय आहे. तिच्यात आंतरराष्ट्रीय संबंधांवर एक पूर्ण अभ्यासक्रम आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि इंग्रजी किंवा हिंदीत लिहिता येतं. मूल्यमापन ३० टक्के असाइनमेंटवर आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेवर. परदेशी विद्यापीठाच्या एका मॉड्यूलच्या पैशात ही अख्खी पदवी होते. उणीव एवढीच की युद्ध हा तिचा गाभा नाही. युद्धच शिकायचं आणि प्रत्यक्ष वर्गात बसणं शक्य असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेतही हा वेगळा विषय आहे.

परदेशी ऑनलाइन पदवीचा मामला नाजूक. खासगी कंपनी, विचारगट (थिंक टँक), माध्यमं, स्वयंसेवी संस्था इथे विद्यापीठाचं नाव आणि तुमचं लिखाण चालतं. पण भारतात सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडी डोक्यात असेल तर समकक्षतेचा, म्हणजे ही पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची धरायची का हा, प्रश्न येतो, आणि पदवी ऑनलाइन आहे म्हणून तो अडकू शकतो. पदवी हातात आल्यावर विचारण्यापेक्षा, ती जिथे दाखवायची आहे तिथे आधी विचारा, ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. प्रवेश सल्लागाराने फोनवर 'होईल हो सगळं' म्हटलं, तर त्याचं मोल शून्य. शिकवणी कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून विकत असलेल्या ऑनलाइन पदव्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता, तो शोधून वाचा.

आणखी एक. ब्रिटनच्या ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि शिक्षणानंतर तिथे काम करण्याची मुभाही मिळत नाही. परदेशी जाण्याचा रस्ता म्हणून कोणी ही पदवी विकत असेल तर उठून या.

अर्जाची कागदपत्रं

लागतात ती अशी: पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका किंवा ट्रान्सक्रिप्ट, एक किंवा दोन शिफारसपत्रं, स्वतःचं निवेदन, पासपोर्ट आणि इंग्रजीचा पुरावा. ब्रिटिश विद्यापीठं पदवीत साधारण ६० टक्क्यांच्या आसपास गुणांची अपेक्षा ठेवतात. कामाचा अनुभव असेल तर काही ठिकाणी त्याखालीही विचार होतो. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकमध्ये ६.५ ते ७ बँड लागतो आणि निकाल दोन वर्षं चालतो. इंग्रजी माध्यमातल्या पदवीवर काही विद्यापीठं चाचणी माफ करतात, त्यासाठी कॉलेजकडून तसं पत्र घ्यावं लागतं.

मराठी घरात इथे एक ठरलेली अडचण येते, ती नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसरंच. परदेशी प्रवेश कार्यालयातल्या माणसाला 'कुलकर्णी' हे पहिलं नाव वाटतं. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा. गुणपत्रिकेवरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकाच व्यक्तीचं, असं प्रतिज्ञापत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत जोडा. ट्रान्सक्रिप्टला विद्यापीठाच्या परीक्षा विभागात किती दिवस लागतील याचा नेम नसतो, म्हणून अर्जाच्या तारखेआधी दोन-तीन महिने ते काम काढा.

निवेदनात 'लहानपणापासून सैन्याची आवड' हे वाक्य लिहू नका. निवडणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: तुम्हाला कोणता प्रश्न पडलाय, तो सोडवायला तुमच्याकडे काय तयारी आहे, आणि याच अभ्यासक्रमातली कोणती मॉड्यूलं त्याला उपयोगी. 'मला सागरी सुरक्षेत रस आहे' याला वजन नाही. 'हिंदी महासागरात बंदरांच्या करारांमधून छोटी राज्यं मोठ्यांशी घासाघीस कशी करतात' याला आहे.

सेनादलात किंवा सरकारी सेवेत असाल तर अर्जाआधी कार्यालयाची परवानगी घ्या. वर्गातल्या चर्चेतही सेवेतल्या गोपनीय गोष्टी येता कामा नयेत. तिथे दुसऱ्या देशांचे अधिकारीही वर्गमित्र असतात.

पैसे

बहुतेक ब्रिटिश ऑनलाइन पदव्यांची फी पाच आकडी पौंडांत जाते. मॉड्यूलनुसार भरायची सोय असेल तर तीच घ्या. एकरकमी भरण्यातली सवलत मोहक असते, पण मध्येच सोडावं लागलं तर परतावा मिळवताना दमछाक होते. बँकेतून पाठवताना उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसखाली, वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत मुभा आहे. फॉर्मवर हेतूचा कोड नीट निवडा. परदेशी जाऊन शिकण्याचा कोड वेगळा आणि घरबसल्या अभ्यासक्रमाच्या फीचा वेगळा. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवर रक्कम गेली तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो; तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. मार्च आणि एप्रिल अशी फी विभागता आली तर हा भार हलका होतो. क्रेडिट कार्डाने भरताना चलन बदलाचा आकार दोन ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, तो एका हप्त्यामागे काही हजारांचा फटका असतो. शैक्षणिक कर्ज हवं असेल तर बँकेला अभ्यासक्रम 'ऑनलाइन' आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. मंजुरीच्या शेवटच्या पायरीवर अडण्यापेक्षा आधी नकार परवडतो.

पहिले आठ आठवडे: सिद्धांतांची भिंत

जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रम सिद्धांतांपासून सुरू होतो, आणि गळती इथेच सर्वांत जास्त. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, इंग्लिश स्कूल अशी नावं येतात आणि युद्धाच्या ओढीने आलेला माणूस कंटाळतो. धीर धरा. हे सिद्धांत म्हणजे चष्मे आहेत. एकाच घटनेत कोणी सत्तासंतुलन बघतो, कोणी संस्था आणि व्यापार, तर कोणी राज्यांच्या मनातल्या प्रतिमा.

एक शब्द पहिल्याच आठवड्यात पक्का करा: 'अ‍ॅनार्की'. इंग्रजी बातम्यांत त्याचा अर्थ गोंधळ, दंगल. या विषयात अर्थ वेगळा: राज्यांच्या डोक्यावर त्यांना आदेश देणारी कुठलीही सत्ता नाही, एवढंच. इथे मराठी वाचकाला सोपं जातं. 'अराजक' शब्द फोडला की मूळ अर्थ समोर येतो: राजा नसलेली स्थिती. मोठा मासा लहानाला खातो तो मात्स्यन्याय कौटिल्याने या संदर्भात वापरला आहेच. शांततेच्या काळातही अराजक असतं, हे वाक्य तुम्हाला खटकलं नाही की पहिला अडथळा पार झाला.

कौटिल्याचा उल्लेख निघालाच आहे तर: परदेशी वर्गात भारतीय विद्यार्थ्याने त्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथाचा दाखला द्यावा अशी अपेक्षाच असते. द्या, पण 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' या सुरात देऊ नका. मंडल सिद्धांत (शेजारी राज्य शत्रू, त्याच्या पलीकडचं मित्र) आणि आधुनिक वास्तववाद यांत साम्य कुठे आणि फरक कुठे, हे पुरावा देऊन मांडलंत तर गुण मिळतात. प्रशियन युद्धचिंतक क्लाउझेविट्झचंही तसंच. 'युद्ध म्हणजे राजकारणाचंच पुढचं साधन' हे एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं. युद्धातल्या घर्षणाबद्दल, म्हणजे कागदावर सोपी गोष्ट रणांगणावर का अवघड होते याबद्दल तो काय म्हणतो, ते फार थोडे वाचतात.

वाचताना एक सवय लावा. लेखाचा पहिला भाग आणि निष्कर्ष आधी वाचा, मग मधला. प्रत्येक लेखाला एका कागदाची मर्यादा ठेवा: दावा, पुरावा, कोणाशी वाद, तुमची शंका, आणि उद्धृत करायची दोन वाक्यं पृष्ठांकासह. पृष्ठांक राहिला तर निबंधाच्या आदल्या रात्री तोच शोधत बसावं लागतं. संदर्भ सांभाळायला झोटेरो मोफत आहे, पहिल्या दिवसापासून वापरा.

एक निबंध जवळून

समजा २,५०० शब्दांचा निबंध आहे आणि तुम्ही विषय घेतलात 'कारगिल आणि अण्वस्त्रं'. हा अजून विषयच आहे, प्रश्न झालेला नाही. यावर लिहायला बसलात तर दोन हजार शब्द टायगर हिल आणि तोलोलिंगच्या लढायांवर जातील आणि परीक्षक शेवटी लिहील, 'वर्णनात्मक'. या पदवीत सगळ्यात जास्त गुण खाणारा शेरा हाच.

प्रश्न असा करा: मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या आणि वर्षभरात कारगिल घडलं. मग अण्वस्त्रांमुळे घुसखोरीचं धाडस झालं, की अण्वस्त्रांमुळे युद्ध तेवढ्याच पट्ट्यात राहिलं? याला सिद्धांताची जोड आहे. अण्वस्त्रांच्या वरच्या पातळीवर स्थैर्य आलं की खालच्या पातळीवर छोट्या झटापटींना मोकळीक मिळते, हा विरोधाभास अमेरिकी अभ्यासक ग्लेन स्नायडर यांनी १९६५ मध्ये मांडला.

आता पुरावा. वायुदल २६ मे १९९९ पासून कारवाईत उतरलं, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा स्पष्ट आदेश होता. हे एकटं वाक्य काहीच सिद्ध करत नाही. तुलना लागते. १९६५ मध्येही काश्मीरमध्ये घुसखोरी झाली, त्यानंतर जम्मू भागातल्या छांबमध्ये पाकिस्तानी हल्ला झाला, आणि ६ सप्टेंबरला भारताने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरची आघाडी उघडली. आगळीक बरीचशी सारखी, प्रत्युत्तर वेगळं. मधल्या काळात काय बदललं? अण्वस्त्रं आली, हे एक उत्तर.

इथे थांबलात तर ६० च्या आसपास गुण. पुढे जायचं तर स्वतःच्याच उत्तरावर हल्ला करा. १९९९ मध्ये जगाची सहानुभूती भारताकडे होती आणि ती संयमामुळे टिकली. ४ जुलैला नवाज शरीफ वॉशिंग्टनला जाऊन क्लिंटनना भेटले. म्हणजे संयमामागे राजनैतिक हिशेबही असू शकतो. शिवाय १९८४ पासून सियाचेनवर लढाई चालूच होती, तीही पसरली नव्हती, आणि तेव्हा १९९८ च्या चाचण्या व्हायच्या होत्या. मग अण्वस्त्रांचा वाटा किती? तो वजन करून सांगणं म्हणजे निबंध.

शब्दांची वाटणी अशी बसते: प्रस्तावना २५०, सिद्धांत ४५०, दोन युद्धांची तुलना ९००, आक्षेप आणि त्यांना उत्तर ६००, निष्कर्ष ३००. प्रस्तावनेतच तुमचं उत्तर सांगून टाका. रहस्यकथेसारखं शेवटपर्यंत लपवायची आपल्याला सवय असते, इथे ती मारक. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य दावा करणारं असू द्या. फक्त ती पहिली वाक्यं ओळीने वाचली तरी युक्तिवाद कळला पाहिजे; कळला नाही तर क्रम बिघडलाय. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल पुनरावलोकन समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. त्यासारखा मूळ दस्तऐवज टाळून वर्तमानपत्री लेखांवर निबंध उभारला, तर परीक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही.

गुणांची पट्टीही वेगळी. ब्रिटिश पद्धतीत ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या निबंधाला ५८ आले म्हणून हिरमुसू नका, ८० क्वचितच कोणाला मिळतात. अभिप्रायातली टीका एका वहीत उतरवा. तोच शेरा तिसऱ्यांदा आला, तर ट्यूटरची वेळ मागून बोला.

आकडे वापरताना

या विषयातल्या सर्वाधिक चुका तीन-चार आकड्यांभोवती होतात. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेची शस्त्रव्यापाराची आकडेवारी 'टीआयव्ही' या एककात असते. ती दशलक्षांत दिसते म्हणून लोक डॉलर समजतात. ती किंमत नव्हे, शस्त्रांच्या लष्करी क्षमतेचं मोजमाप आहे. तिची तुलना रुपयांतल्या संरक्षण तरतुदीशी केली की निबंध तिथेच कोसळतो. सिप्रीच्या लष्करी खर्चात निवृत्तिवेतनही धरलेलं असतं. भारतीय अर्थसंकल्पातला निवृत्तिवेतन वगळलेला आकडा शेजारी ठेवलात तर फरक 'लपवलेला खर्च' वाटायला लागतो.

'युद्ध' मोजतानाही तसंच. कोरिलेट्स ऑफ वॉर या माहितीसंचात युद्ध म्हणायला लढाईतले किमान १,००० मृत्यू लागतात. उप्साला विद्यापीठाचा संच वर्षाला २५ मृत्यूंपासून सशस्त्र संघर्ष मोजतो आणि १,००० ला युद्ध म्हणतो. जगातले संघर्ष वाढले की घटले, याचं उत्तर कुठला संच उघडला यावर फिरतं. लोकशाही राष्ट्रं आपसात लढत नाहीत, या सिद्धांतावर लिहिताना कारगिल अपवाद ठरतो की नाही, तेही मृत्यूंच्या या उंबरठ्यावर आणि १९९९ च्या पाकिस्तानला लोकशाही म्हणायचं का यावर अवलंबून. कुठला संच, कुठलं वर्ष, कुठली व्याख्या हे तळटिपेत लिहा.

तारखा, वेळा आणि टर्निटिन

लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो. दुपारी चारची डेडलाइन म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ. मार्चअखेरीची असाइनमेंट या एका तासाने चुकवणारे दरवर्षी निघतात. स्वतःची डेडलाइन एक दिवस आधीची धरा. वीज, इंटरनेट आणि शेवटच्या क्षणी न उघडणारी फाइल यांना तेवढी जागा हवी. आजारपण किंवा घरातला प्रसंग असेल तर मुदतवाढ तारखेच्या आधी मागावी लागते, पुराव्यासह. उशिराचा दंड प्रत्येक विद्यापीठाच्या हस्तपुस्तिकेत असतो, तो पहिल्या आठवड्यातच वाचून ठेवा.

टर्निटिन या मजकुरातलं साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १८ टक्के दिसले म्हणजे चोरी झाली असं नाही, आणि ४ टक्के म्हणजे निर्दोष असंही नाही. ते फक्त जुळणारे शब्द दाखवतं, त्यात अवतरणं आणि संदर्भयादीही येते. खरी अडचण 'शब्द बदलून उतरवण्या'ची. वाक्यरचना तीच ठेवून समानार्थी शब्द घातले तर तीही वाङ्मयचौर्यातच मोडते. एआय साधनांबाबत प्रत्येक मॉड्यूलचा नियम वेगळा असू शकतो. कच्चे मसुदे आणि टिपणं तारखेसह ठेवा, शंका आली तर तेच दाखवता येतात.

चर्चाफलकावर लिहायला कचरू नका. नायजेरियातला पोलीस अधिकारी, पोलंडमधली पत्रकार, कॅनडातला निवृत्त सैनिक एका वर्गात असतात, आणि काश्मीरबद्दल तुम्ही गृहीत धरलेली गोष्ट त्यांच्यातला कोणी सहज उलटी मांडतो. चिडून उत्तर लिहिलंत तर रात्रभर ठेवा आणि सकाळी पुरावा जोडून पाठवा.

डिसर्टेशन: मराठी येते याचा फायदा

दहा ते पंधरा हजार शब्द. विषय निवडताना हाताशी कोणती साधनं आहेत तिथून सुरुवात करा. घरबसल्या करणाऱ्याला दिल्लीतल्या दप्तरखान्यात महिनाभर बसता येत नाही. म्हणून ऑनलाइन काय आहे ते आधी बघा: राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल, संयुक्त राष्ट्रांचं डिजिटल ग्रंथालय, अमेरिकी परराष्ट्र खात्याचे प्रकाशित दस्तऐवज. १९७१ च्या दक्षिण आशियाई संकटावर त्यांचा अख्खा अकरावा खंड मोफत वाचता येतो. पण तो व्हाइट हाऊसच्या खिडकीतून दिसलेला १९७१ आहे. त्यावर भारताचे हेतू सिद्ध करायला निघालात तर मार्गदर्शक थांबवेल.

इथेच मराठी वाचता येणाऱ्याचं पारडं जड होतं. उदाहरणार्थ गोवा. डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई, १८ डिसेंबरची सुरक्षा परिषदेतली बैठक, पोर्तुगालच्या बाजूच्या ठरावावर सोव्हिएत नकाराधिकार. 'गोवा मुक्ती' हा विषय पसरट. 'बळाचा वापर निषिद्ध करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) ला भारताने वसाहतवादाच्या युक्तिवादाने कसं उत्तर दिलं, आणि तोच युक्तिवाद तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांत कोणत्या शब्दांत मांडला गेला' हा प्रश्न वर्षभरात पेलतो. इंग्रजीपुरत्या संशोधकाला याचा दुसरा अर्धा भाग दिसतच नाही. मराठी मजकूर उद्धृत करताना भाषांतर तुमचं आहे असं नोंदवा आणि मूळ ओळ परिशिष्टात द्या.

मुलाखती घ्यायच्या असतील, समजा निवृत्त सैनिकांच्या, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. तिला आठवडे जातात आणि मंजुरीपूर्वी घेतलेली मुलाखत वापरता येत नाही. ओळखीच्या काकांशी सहज झालेल्या गप्पाही यात येतात. नकाशा छापणार असाल तर भारताच्या बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाशी जुळतात का ते तपासा. परदेशी नकाशांत ही सीमा वेगळी दाखवतात, आणि तसा नकाशा भारतात प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे.

६०० तासांची वाटणी सुरुवातीलाच कागदावर मांडा. वाचन आणि साधनं गोळा करणं २५०, मसुदा २००, दुरुस्ती १००, संदर्भ आणि मांडणी ५०. शेवटचे ५० तास सगळे कापतात आणि मग तळटिपांतल्या चुकांवर गुण जातात.

निकाल लागला की पदवी प्रमाणपत्रावरचं नाव छापण्याआधी तपासायला मागा, पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून. पुढे कुठल्या दुसऱ्या देशात ते दाखवायचं झालं तर अपोस्टिल, म्हणजे ते खरं असल्याची सरकारी साक्ष, लागू शकतं, आणि ब्रिटिश प्रमाणपत्राचं अपोस्टिल ब्रिटनमध्येच होतं, मुंबईत किंवा दिल्लीत नाही. मूळ प्रत टपालाने मागवण्याआधी ते तिथेच करून पाठवता येईल का, हे विद्यापीठाला विचारा. टपालाची एक फेरी वाचते.